वीतभर सापाची धास्ती

कॉर्न स्नेकचं पिल्लू अंड्याचं कवच फाडून बाहेर येतं तेव्हा त्याचं वजन जेमतेम सहा-सात ग्रॅम असतं आणि लांबी वीतभर, फार तर वीत आणि वर दोन-चार बोटं. तोंडाच्या टोकाशी एक तात्पुरता दात असतो. तो कवच कापण्यापुरताच, पुढे गळून पडतो. आई जवळपास नसते. दोनेक महिन्यांपूर्वी कुजक्या ओंडक्यात किंवा ओलसर पालापाचोळ्यात अंडी घालून ती निघून गेलेली असते. म्हणजे या पिल्लाला शिकवणारं कोणी नाही आणि स्वतःहून काही शिकायला अजून सवडही मिळालेली नाही. तरीही त्याच्यावर सावली पडली की ते अंग आवळून घेतं, मान वळणावळणाने मागे खेचतं, शेपटीचं टोक थरथरवतं, तोंड उघडतं आणि समोर येईल त्यावर झेप घेतं. समोर बहुतेक वेळा माणसाचा हात असतो. त्या पिल्लाच्या वजनाच्या कितीतरी पट मोठा.

वरून येणारी मोठी वस्तू आपल्याला खाते, ही माहिती घेऊनच ते जन्माला आलेलं असतं. आणि ती माहिती खोटी नाही. रानात त्याच्या वाट्याला ससाणे, घुबडं, रॅकून आणि दुसरे सापही येतात. किंगस्नेक नावाचा साप तर सापांनाही खातो. चावणं हे या पिल्लाला अंड्यातून मिळतं. मुलाच्या तळहातावर निवांत पडून राहणं मात्र त्याला आयुष्यात कमवावं लागतं. इतक्या चिमुकल्या डोक्यात ही कमाई होते तरी कशी, हे मला फार मोठं आश्चर्य वाटतं.

आधी या सापाची ओळख करून द्यायला हवी. पँथेरोफिस गटॅटस हे त्याचं शास्त्रीय नाव. अमेरिकेच्या आग्नेय भागातला, न्यू जर्सीच्या दक्षिण टोकापासून फ्लोरिडापर्यंत आढळणारा हा बिनविषारी साप. अंग नारिंगी किंवा करडं, त्यावर काळ्या कडांचे तांबूस ठिपके, पोट काळ्या-पांढऱ्या चौकटींचं. लिनियसने १७६६ साली त्याचं वर्णन केलं. मक्याच्या कोठारांत उंदरांच्या मागावर तो हमखास सापडायचा. आपल्याकडच्या तस्कर सापाचा हा लांबचा भाऊबंद. जुन्या वर्गीकरणात दोघं एकाच प्रजातीगटात मोडत. अमेरिका आणि युरोपात सर्वांत जास्त पाळल्या जाणाऱ्या सापांत कॉर्न स्नेक गणला जातो. पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या घरांत त्याची पैदास होते आहे, काळा रंगच नसलेल्या केशरी-पांढऱ्या, लाल डोळ्यांच्या जाती तयार झाल्या आहेत. मोठा झालेला कॉर्न स्नेक इतका शांत असतो की साप पाळायला सुरुवात करणाऱ्याला हमखास हाच सुचवतात. पण पिल्लू ते पिल्लूच. रंग बदलले, धास्ती गेली नाही.

माझी मावसबहीण नॉर्थ कॅरोलिनात राहते, म्हणजे या सापाच्या मूळ गावीच. तिच्या बारा वर्षांच्या मुलाने असं एक पिल्लू पाळलं आहे. एकदा त्याने पाण्याची वाटी बदलायला पेटीत हात घातला. पिल्लू पुठ्ठ्याच्या नळीत होतं, नळीच्या तोंडाशी फक्त डोकं. हात वाटीपर्यंत पोचायच्या आत काहीतरी हललं एवढंच मला दिसलं. डोकं पुढे येताना दिसलं नाही आणि मागे जातानाही नाही. ते नळीत होतं तिथेच होतं, आणि मुलाच्या तर्जनीच्या कडेला लाल ठिपक्यांची एक बारीक ओळ उमटत होती. बोरीचा काटा ओरखडून जावा इतकंच. शेपटी नळीच्या पुठ्ठ्यावर तडतडत होती. माझी मावशी, म्हणजे त्याची आजी, सांगलीहून आली होती. ती म्हणाली, "आता डूख धरेल बघ तो." मुलाने साबण लावता लावता उत्तर दिलं, "आजी, त्याला अजून मी माहीतच नाही." दोघांच्या या बोलण्यातून निघणाऱ्या प्रश्नांनी मला पुढे बरंच वाचायला लावलं.

पहिला प्रश्न वेगाचा. साप झेप घेताना दिसत का नाही? डेव्हिड पेनिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लुइझियाना विद्यापीठात अतिवेगवान कॅमेरे लावून हे मोजलं आणि २०१६ साली प्रसिद्ध केलं. सापांसमोर भरलेला हातमोजा धरायचा आणि बचावाची झेप चित्रित करायची. झेपेच्या वेगात विषारी सापांचा हात कोणी धरणार नाही, अशी तोवर समजूत होती. पण टेक्सासचा रॅट स्नेक, कॉर्न स्नेकचाच बिनविषारी चुलतभाऊ, या कसोटीत फुरशा-घोणशीच्या कुळातल्या सापांच्या बरोबरीला उतरला. झेप लक्ष्यापर्यंत पोचायला लागले ५० ते ९० मिलिसेकंद. माणसाची पापणी एकदा लवायला साधारण २०० मिलिसेकंद लागतात. हात मागे घेण्याचा निर्णय आपल्या मेंदूत होईपर्यंत चावा बसून गेलेला असतो. चावा चुकवणं माणसाच्या हातात जवळपास नसतंच. हातात असतं ते एवढंच, की त्याला झेप घ्यावीशी वाटू नये.

त्यासाठी तो हात त्याला कसा जाणवतो, हे समजून घ्यावं लागतं. इथे सापाचं शरीर दर पावलाला थक्क करतं.

डोळ्यांपासून सुरुवात करू. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवला कायमचा चिकटलेला असतो आणि कात टाकताना तोही कातीबरोबर निघतो. या खवल्यात रक्तवाहिन्या असतात. म्हणजे साप जग बघतो ते स्वतःच्या रक्तवाहिन्यांच्या जाळीतून. कॅनडाच्या वॉटर्लू विद्यापीठातले केविन व्हान डोर्न आणि जेकब सिवाक यांनी कोचव्हिप या अमेरिकी सापांच्या डोळ्यांत या वाहिन्यांचं वागणं पाहिलं आणि २०१३ साली मांडलं. साप निवांत असताना वाहिन्या आळीपाळीने उघडतात आणि मिटतात, रक्त वाहतं आणि थांबतं. समोर धोका दिसला की त्या अधिक काळ मिटून राहतात. नजर साफ हवी त्याच क्षणी नजरेच्या आडचं रक्त बाजूला होतं. आणि कात टाकण्याआधी, नवा खवला घडत असताना, रक्त सतत वाहत राहतं. वाहू द्यावंच लागतं.

कात टाकायच्या आधी काही दिवस पाळीव सापाचे डोळे दुधी-निळसर होतात, हे पाळणाऱ्यांनी नेहमी बघितलेलं असतं. त्या दिवसांत साप जवळजवळ धुक्यातून बघत असतो, हात त्याला आकार नसलेल्या सावलीसारखा दिसतो, आणि एरवी शांत असलेला सापही तेव्हा चावतो. पिल्लं झपाट्याने वाढतात, त्यामुळे दर काही आठवड्यांनी कात टाकतात. डोळे निळे असतील तर पेटीत हात घालायचा नाही, घातलाच तर पाणी बदलण्यापुरता. या एका नियमाने निम्मे चावे टळतात, असं मला वाटतं.

आता कान. सापाला कान नसतात म्हणून तो बहिरा, असं आपण शाळेत शिकलो. बाहेरचा कान आणि कानाचा पडदा नाही हे खरं. आतला कान मात्र आहे, आणि तो एका बारीक हाडाने जबड्याच्या हाडाशी जोडलेला आहे. जमिनीवर टेकलेला जबडा जमिनीची थरथर थेट कानापर्यंत नेतो. पण गोष्ट तिथे संपत नाही. डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१२ साली बॉल पायथनवर दाखवलं की हवेतून येणारा खर्जातला आवाज सापाची कवटीच हलवतो आणि त्यातून तो ऐकू येतो. ऑस्ट्रेलियात क्रिस्टिना झेडेनेक आणि सहकाऱ्यांनी २०२३ साली सापांना मोकळं सोडून ० ते ४५० हर्ट्‌झपर्यंतचे आवाज ऐकवले, तर वेगवेगळ्या सापांनी वेगवेगळी प्रतिक्रिया दिली. कोणी आवाजाकडे सरकलं, बरेचसे दूर गेले. माणसाच्या बोलण्याचा मूळ स्वर १०० ते २५० हर्ट्‌झच्या घरात असतो. आपण पेटीपाशी बसून बोलतो ते त्याला निदान अंधूकसं ऐकू येतं. पेटी ठेवलेल्या टेबलावर कोणी दप्तर आपटलं तर त्याला ते अंगभर जाणवतं. म्हणून पिल्लाची पेटी दरवाजाला लागून, वॉशिंग मशीनवर किंवा टीव्हीच्या स्पीकरशेजारी ठेवत नाहीत. सतत दचकत राहिलेलं पिल्लू सतत चावायच्या तयारीत राहतं.

आणि मग जीभ. माझ्या मते सापाचं सगळं जग इथे आहे. दुभंगलेल्या जिभेची दोन टोकं हवेतले आणि जमिनीवरचे वासाचे कण वेगवेगळे उचलतात आणि ते टाळूवरच्या दोन छिद्रांवाटे जेकबसन इंद्रियाकडे जातात. डावीकडे वास जास्त की उजवीकडे, हे एका लवलवण्यात कळतं. कर्ट श्वेंक यांनी १९९४ साली दुभंगलेल्या जिभेचा हा उलगडा मांडला. पिल्लाच्या जिभेला आपला हात म्हणजे साबण, घाम, हळद, कुत्र्याचे केस, आणि मघाशी त्याच्या खाण्यासाठी फ्रीजरमधून काढलेला उंदीर. उंदीर हाताळून न धुतलेला हात त्याच्या लेखी उंदीरच असतो.

इथे दोन चाव्यांमधला फरक ओळखायला हवा. घाबरून घेतलेला चावा लागतो आणि सुटतो. तोंड मिटायच्या आधीच डोकं मागे जातं. भुकेने घेतलेला चावा सुटत नाही. साप बोट धरून ठेवतो आणि त्याभोवती वेटोळे घालू लागतो. हे वेटोळे बघून माणूस घाबरतो आणि हात हिसडतो, आणि नुकसान होतं ते तेव्हा. सापाच्या वरच्या जबड्यात दातांच्या चार ओळी असतात, खालच्यात दोन, आणि सगळे दात घशाकडे वळलेले. हिसडलं की कातडी ओरखडते आणि सापाचे बारीक दात तुटून जखमेत राहू शकतात. दात नव्याने येतात, पण जबड्याला इजा झाली तर ती त्याला भोगावी लागते. तेव्हा हात तसाच ठेवायचा, वाटल्यास गार पाण्याखाली धरायचा. आपण उंदीर नाही हे कळलं की तो सोडतो.

एवढं समजलं की हाताळण्याचे सगळे नियम आपोआप सुचू लागतात. घरी आणलेल्या पिल्लाला आठवडा-दोन आठवडे हात लावायचा नाही. त्याला लपायला जागा शोधू दे, दोन-तीनदा खाऊ दे. पेटीच्या उबदार आणि गार अशा दोन्ही बाजूंना लपायची जागा हवी, नाहीतर ऊब आणि सुरक्षितता यांत त्याला निवड करावी लागते. गार पडलेला साप पळू शकत नाही, आणि पळता न येणारा चावतो. उबदार बाजू २८ ते ३० अंश असली की त्याचे स्नायू चालतात आणि पळून जाण्याचा पर्याय शिल्लक राहतो. खाल्ल्यावर दोन दिवस उचलायचं नाही. पोटात उंदीर असताना घाबरलं तर ते ओकून टाकतं, आणि पिल्लाला तेवढी झीज परवडत नाही. हात धुवायचे. हात वरून न आणता बाजूने, जमिनीलगत, त्याला दिसेल असा आणायचा. डोकं धरायचं नाही, शेपटी धरून उचलायचं तर मुळीच नाही. शरीराच्या मध्याखाली बोटं सरकवून सगळं अंग पेललं जाईल असं घ्यायचं आणि ते सरकत राहील तसा एका हातापुढे दुसरा हात ठेवत राहायचं. जमिनीवर बसूनच, कारण निसटून टेबलावरून खाली पडलं तर इजा त्यालाच. पाच मिनिटं पुरे.

उचलताना बोटं थरथरली किंवा मध्येच थबकली, तर पिल्लू जास्त बिथरतं. अर्धवट पुढे येऊन मागे जाणारा हात त्याला शिकारी प्राण्यासारखा वाटत असावा. आणि एकदा हातात घेतल्यावर ते चावलं, तर लगेच पेटीत टाकायचं नाही, असं अनुभवी पाळणारे आग्रहाने सांगतात. चावल्यावर संकट दूर होतं हा धडा ते एकाच खेपेत शिकतं. क्षणभर हात स्थिर ठेवून, ते जरा निवळलं की मग अलगद खाली सोडायचं. हे सांगायला सोपं आहे. चावा बसल्यावर आपण दचकतो ते आपल्याही हातात नसतं. त्याच्यासारखीच आपल्याकडेही ती जुनी देणगी आहे. दचकलेल्या दोन प्राण्यांपैकी एकाला थांबावं लागतं, आणि ते माणसालाच जमण्यासारखं आहे.

चावा बसला तर साबण आणि पाणी पुरतं. खरी काळजी असते ती साल्मोनेलाची. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर हे जिवाणू असतात आणि त्याने प्राणी आजारी दिसत नाही, म्हणून पाच वर्षांखालच्या मुलांनी त्यांना हात लावू नये असं अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सांगते.

आता माझ्या मावशीच्या शंकेकडे वळतो. साप डूख धरतो का? डूख धरायला हा अमका, याने मला अमुक केलं, अशी आठवण लागते. त्याऐवजी सापाकडे जे आहे ते मला जास्त विलक्षण वाटतं. टेनेसी विद्यापीठात हॅरॉल्ड हर्झॉग आणि गॉर्डन बर्गहार्ट यांनी १९८०च्या दशकात गार्टर सापांच्या नवजात पिल्लांवर बरेच प्रयोग केले. पिल्लासमोर बोट धरायचं. एकदा स्थिर, एकदा हलतं. हलत्या बोटावर झेपा कितीतरी जास्त पडत. हाच प्रयोग रोज केला की झेपा कमी होत गेल्या. पिल्लू बोटाला सरावतं, म्हणजे हे येतं आणि जातं आणि काही होत नाही, हे त्याच्या मज्जासंस्थेत नोंदलं जातं. सगळ्या जाती सारख्या सरावत नाहीत, आणि एकाच आईची पिल्लंही सारखी वागत नाहीत. काही जन्मापासूनच भित्री, काही बेफिकीर.

सराव म्हणजे निव्वळ कंटाळा, असंही म्हणता आलं असतं. पण रॉचेस्टर विद्यापीठातल्या डेव्हिड होल्ट्झमन यांचा १९९९ सालचा प्रयोग थेट कॉर्न स्नेकवरचा आहे. एका गोल मोकळ्या जागेत अनेक भोकं, त्यातलं एकच लपायला उघडं. पहिल्या दिवशी सापांची पिल्लं बराच वेळ भटकली. काही दिवसांत ती कमी वेळात, सरळ वाटेने त्या भोकाकडे जाऊ लागली. जागेची खूण त्यांना लक्षात राहत होती. ज्या डोक्यात एका भोकाची जागा राहते, त्या डोक्यात रोज संध्याकाळी येणाऱ्या एका हाताचा वास आणि त्याची चाल राहू शकते, असं मानायला मला काही अडचण वाटत नाही. माझ्या भाच्याचं पिल्लू आता त्याच्या बोटांतून जीभ लवलवत सरकतं. अनोळखी हात आला की मात्र अजूनही मान मागे घेतं.

हे सगळं वाचून कोणा मुलाला साप पाळावासा वाटला तर तो उत्साह मला समजतो, पण भारतात नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने इथला रानातला साप पकडून घरात ठेवता येत नाही. बॉल पायथनसारखे आंतरराष्ट्रीय व्यापार करारातले परदेशी प्राणी पाळायचे तर २०२२ च्या दुरुस्तीनुसार नोंदणी लागते. या हौसेची दुसरी बाजू मुंबई विमानतळावर दिसते. डिसेंबर २०२३ मध्ये बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटांच्या आणि केकच्या पुड्यांमध्ये अकरा साप सापडले, नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक. अंधारात, हलत्या पुड्यांत, विमानाच्या गडगडाटात त्या सापांनी काय सोसलं असेल, हे वर सांगितलेल्या कान-डोळ्यांचा विचार केला की कळतं.

आणि इथे दिसणाऱ्या सापाच्या पिल्लाला यातली कुठलीही युक्ती लावायची नाही. घोणशीचं पिल्लू जन्मतःच विषारी असतं आणि ते अजगराचं समजून उचलल्याने माणसं दगावली आहेत. मण्यार आणि बिनविषारी कवड्या यांत भलेभले फसतात. घरात पिल्लू निघालं तर लांब उभं राहून वनविभागाला किंवा जाणत्या सर्पमित्राला बोलवायचं.

पाळीव सापांतही काही कधीच सरावत नाहीत. वर्ष होतं, दोन वर्षं होतात, तरी पेटीचं झाकण उघडलं की त्यांची मान वळते. अशा सापाला रोज हातात घेण्याचा अट्टहास सोडून द्यावा. पेटी बदलायची तेव्हा त्याच्या लपायच्या डब्यासकट उचलावं, आणि हाताळण्यात जाणारा वेळ पेटीवर घालवावा. टेनेसीतच रॅट स्नेकवर झालेल्या एका अभ्यासात, चढायला फांद्या आणि लपायला नाना जागा असलेल्या पेटीत वाढलेले साप रिकाम्या पेटीत वाढलेल्यांपेक्षा नवीन कोडी लवकर सोडवत होते. कॉर्न स्नेक पंधरा-वीस वर्षं सहज जगतो. तेवढी वर्षं त्याला चढायला एक जाड, खडबडीत फांदी मिळाली तर ती त्याला आपल्या हातापेक्षा कमी आवडेल असं नाही.